मानधन, वेतन आणि सेवाभाव : योजना-कर्मचाऱ्यांच्या दर्जाचा लोकप्रशासकीय विचार

सारांश

अंगणवाडी सेविका, मदतनीस व आशा स्वयंसेविका यांच्या श्रमावर भारतातील बालपोषण व प्राथमिक आरोग्याची व्यवस्था उभी आहे. तथापि प्रशासनाच्या लेखी त्या कर्मचारी नसून मानद कार्यकर्त्या आहेत, आणि त्यांना मिळणारी रक्कम वेतन नसून मानधन आहे. हा केवळ शब्दभेद नाही. नेमणूक, मोबदला, संप, निवृत्ती व तक्रारनिवारण या सर्व बाबी या एका शब्दावर अवलंबून आहेत. स्वयंसेवी संस्थांच्या प्रयोगांतून आलेली सेवाभावाची परिभाषा शासकीय योजनांनी कशी स्वीकारली, न्यायालयांनी तिचा अर्थ कसा लावला आणि तिच्यामुळे मनुष्यबळ धोरणात कोणते पेच निर्माण झाले, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘नियमित शासकीय नोकर’ आणि ‘स्वयंसेवक’ या दोन टोकांच्या मधला दर्जा भारतीय प्रशासनाला अपरिचित नाही, हे दाखवून काही धोरणात्मक पर्यायही मांडले आहेत.

बीजसंज्ञा : मानधन, योजना-कर्मचारी, अंगणवाडी, आशा, नागरी पद, उपदान, स्वयंसेवी संस्था.

१. प्रस्तावना

लोकप्रशासनाच्या अभ्यासात मनुष्यबळाचा विचार बहुधा नियमित सेवांच्या संदर्भात होतो. भरती, प्रशिक्षण, पदोन्नती, शिस्त व निवृत्तिवेतन ही त्याची ठरलेली प्रकरणे होत. परंतु नागरिकाचा शासनाशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो अनेकदा या प्रकरणांत न बसणाऱ्या व्यक्तीमार्फत येतो. गर्भवतीची नोंद करणारी, नवजात बालकाचे वजन घेणारी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देणारी आणि शाळेत माध्यान्ह भोजन शिजवणारी स्त्री कोणत्याही सेवाश्रेणीत मोडत नाही. ती ‘योजना-कर्मचारी’ आहे, म्हणजे पदावर नव्हे तर योजनेवर नेमलेली आहे.

देशात अंगणवाडी केंद्रांची संख्या सुमारे १४ लाख आहे आणि आशा स्वयंसेविकांची संख्या सुमारे १० लाख आहे. एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढ्या मोठ्या मनुष्यबळासाठी सेवानियमांची सर्वंकष चौकट नसणे ही प्रशासनशास्त्राच्या दृष्टीने दुर्लक्षणीय बाब नाही.

मराठीत ‘मानधन’ हा शब्द एरवी वक्त्याला, परीक्षकाला किंवा कलावंताला दिल्या जाणाऱ्या रकमेसाठी वापरला जातो. काम हे उपजीविकेचे साधन नसून सन्मानाने केलेले साहाय्य आहे, आणि रक्कम हा त्याचा मोबदला नसून कृतज्ञतेची खूण आहे, असा त्याचा गर्भितार्थ असतो. हाच शब्द जेव्हा दररोज ठरावीक वेळी केंद्र उघडणाऱ्या, नोंदवह्या भरणाऱ्या आणि कसूर झाल्यास कामावरून कमी होणाऱ्या व्यक्तीला लावला जातो, तेव्हा शब्द आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते. त्या अंतराचा खर्च कोण सोसतो, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

२. परिभाषेचा उगम : स्वयंसेवी प्रयोगाकडून शासकीय योजनेकडे

गावातील सामान्य स्त्री अल्प प्रशिक्षणाने आरोग्यसेवा देऊ शकते, हा विचार भारतात प्रथम शासनाने नव्हे तर स्वयंसेवी संस्थांनी सिद्ध केला. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेली, बहुधा अल्पशिक्षित अशी स्त्री हा त्या प्रकल्पाचा कणा होता. पुढे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रयोग आणि ४७ गावांत तुलना अशी त्याची रचना होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतील गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशा स्वयंसेविकांच्या कामात आज अंतर्भूत असलेल्या नवजात बालकांच्या गृहभेटींमागे या प्रयोगाची प्रेरणा आहे.

शासकीय पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या समुदाय आरोग्य कार्यकर्ता योजनेत दर हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता नेमण्यात आला आणि त्याला दरमहा ५० रुपये मानधन देण्याचे ठरले. दोन्ही योजनांच्या प्रारंभासाठी गांधीजयंतीचा दिवस निवडला गेला, ही बाब त्या काळातील सेवाविषयक भूमिकेवर प्रकाश टाकते. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हाच आराखडा ‘आशा’ या नावाने पुन्हा स्वीकारला. प्रमाण पुन्हा हजारामागे एक असेच होते. ठरावीक मासिक मानधनाऐवजी कामागणिक प्रोत्साहनपर मोबदला हा त्यातील नवा भाग होता.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. स्वयंसेवी संस्थेच्या प्रयोगात कार्यकर्तीला मिळणारी रक्कम अल्प असली तरी तिच्याभोवती इतर आधार होते. जामखेडमध्ये नियमितपणे एकत्र येऊन होणारे प्रशिक्षण, अडचणीत धावून येणारे डॉक्टर आणि संस्थेशी असलेले वैयक्तिक नाते यांनी तिचे काम तोलून धरले होते. शिवाय कार्यक्षेत्र मर्यादित होते आणि कामे मोजकी होती. शासनाने प्रयोगाचा विस्तार केला तेव्हा कार्यकर्ती आणि अल्प मोबदला या दोन गोष्टी योजनेत आल्या, परंतु आधाराची व्यवस्था त्या प्रमाणात आली नाही. कामांची यादी मात्र वाढत गेली. प्रयोगात जो सेवाभाव होता तो विस्तारात खर्चाच्या नियोजनाचे साधन बनला.

३. न्यायालयीन भूमिका : पद, कार्य आणि मोबदला

या दर्जाचा कायदेशीर अर्थ मुख्यतः सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतून स्पष्ट होतो. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने असे ठरवले की, अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत. त्यांची पदे कोणत्याही अधिनियमाने निर्माण केलेली नाहीत, शासकीय नोकरांचे भरतीनियम त्यांना लागू नाहीत आणि त्या राज्याचे कार्य पार पाडीत नाहीत, अशी कारणे त्यामागे होती. परिणामी प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार त्यांना बंद झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उमादेवी खटल्यात घटनापीठाने, विहित निवडप्रक्रियेबाहेर नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे सांगितले होते. २००६ हे वर्ष त्यामुळे नियमित सेवेबाहेरील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरले.

तथापि याआधीच्या दोन निर्णयांशी तुलना केल्यास प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. आसाममधील महसूल गोळा करणाऱ्या मौजादाराला वेतन नव्हते, केवळ दलाली मिळत असे आणि त्याला अन्य व्यवसाय करण्याची मोकळीक होती. तरीही आसाम राज्य विरुद्ध कनकचंद्र दत्त या खटल्यात १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद नागरी पद मानले. नेमणूक, निलंबन, बडतर्फी आणि कामावरील नियंत्रण यांचा अधिकार राज्याकडे आहे काय, ही त्यामागील मुख्य कसोटी होती. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात टपाल खात्याच्या विभागबाह्य अभिकर्त्यांविषयी हाच दृष्टिकोन स्वीकारला गेला. दिवसाचे काही तास काम करणारा आणि नियमित सेवेबाहेरचा असूनही खेड्यातील टपाल अभिकर्ता नागरी पदाचा धारक ठरला. संविधानाच्या अनुच्छेद ३११(२) चे पालन न करता त्याला काढून टाकणे त्यामुळे अवैध ठरले.

मग महसूल व टपाल ही राज्याची कार्ये आणि बालकाचे पोषण मात्र तसे नाही, असे मानावे काय? राज्याची पारंपरिक कार्ये आणि कल्याणकारी कार्ये यांतील जुना भेद या प्रश्नाच्या मुळाशी आहे. कल्याणकारी कार्य बहुतांश स्त्रिया करतात आणि ते घरातील संगोपनाचा विस्तार समजले जाते, ही सामाजिक धारणाही त्या भेदाला बळ देते.

हा भेद पुसट होण्यास राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ कारणीभूत झाला. या अधिनियमाच्या कलम ४, ५ व ६ नुसार गर्भवती व स्तनदा मातांना आणि सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना अंगणवाडीमार्फत आहार देणे हे शासनाचे वैधानिक कर्तव्य ठरले. या आधारावर मणिबेन मगनभाई भरिया विरुद्ध जिल्हा विकास अधिकारी, दाहोद या खटल्यात २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने उपदान प्रदान अधिनियम १९७२ अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना लागू असल्याचा निर्णय दिला. मानधन या नावाने दिली जाणारी रक्कम त्या अधिनियमाच्या अर्थाने वेतनच आहे, असे न्यायालयाने मानले. सेविकांचे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवादही स्वीकारला गेला नाही. अमीरबी निर्णय २०१३ च्या अधिनियमापूर्वीचा असल्याने तो या मुद्द्यावर आड येत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. यापुढे जाऊन २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सेविकांना व मदतनिसांना नागरी पदांवरील कर्मचाऱ्यांप्रमाणे वागणूक देण्याच्या दिशेने निर्णय दिला.

या निर्णयांतून निघणारा निष्कर्ष असा की, न्यायालयाने दर्जाचा संपूर्ण प्रश्न सोडवलेला नाही. त्याने दर्जाचे तुकडे करून एकेक तुकडा तपासला आहे. त्यामुळे एकच स्त्री उपदानासाठी कर्मचारी ठरते, पण वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन यांसाठी तशी ठरत नाही. १९७२ चा उपदान अधिनियम आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. या संहितेने गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची स्वतंत्र व्याख्या केली, मात्र योजना-कर्मचारी अशी स्वतंत्र व्याख्या तीत नाही. ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने मे २०१३ मध्ये योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. त्या शिफारशीची दखल घेण्याची संधी संहितेत होती.

४. मोबदल्याची रचना

मानधनाचे स्वरूप समजण्यासाठी त्याच्या घटकांकडे पाहणे उपयुक्त ठरते. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने अंगणवाडी सेविकेचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनीसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले. महाराष्ट्रासारख्या राज्यात या रकमेचा भार केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० या प्रमाणात विभागला जातो. याव्यतिरिक्त राज्ये स्वतःच्या निधीतून भर घालतात. महाराष्ट्राच्या मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनीसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्यात आले. २०२४ मध्ये राज्याने त्यात आणखी वाढ केली.

२०२३ च्या आकड्यांवरून हिशेब केल्यास सेविकेच्या १०,००० रुपयांपैकी केंद्राचा प्रत्यक्ष वाटा २,७०० रुपये आणि राज्याचा ७,३०० रुपये होतो. योजनेचे नियम केंद्र ठरवते, नेमणूक राज्याची यंत्रणा करते, दैनंदिन देखरेख बालविकास प्रकल्प कार्यालयाकडून होते आणि मोबदल्याचा मोठा भाग राज्य देते. अशा स्थितीत मालक कोण, याचे उत्तर कोणत्याही एका पातळीवर मिळत नाही. वाढीची मागणी झाली की केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवू शकते. संघराज्य पद्धतीतील जबाबदारीचे हे विरलेपण योजना-कर्मचाऱ्यांच्या प्रश्नात सर्वाधिक स्पष्ट दिसते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे वाढीची पद्धत. नियमित कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला असतो. मानधन तसे जोडलेले नसते. ते अर्थसंकल्पातील घोषणेने किंवा संपानंतरच्या तडजोडीने वाढते, आणि दोन वाढींमधील काळात त्याचे खरे मूल्य घटत जाते. शालेय पोषण आहार योजनेतील स्वयंपाकी-मदतनीसांसाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये आणि तेही वर्षातील दहा महिन्यांसाठी निश्चित केले, हे या पद्धतीचे टोकाचे उदाहरण होय.

आशा स्वयंसेविकांच्या बाबतीत रचना आणखी गुंतागुंतीची आहे. नियमित कामांसाठी मिळणारी मासिक रक्कम २०१८ मध्ये १,००० वरून २,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये ती ३,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. उर्वरित मोबदला कामागणिक असतो. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील प्रसूतीमागे ६०० रुपये मिळतात. त्यांपैकी ३०० प्रसूतिपूर्व तपासण्यांसाठी आणि ३०० संस्थेतील प्रसूतीसाठी असतात. नवजात बालकाच्या सहा किंवा सात गृहभेटींसाठी २५० रुपये मिळतात. मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत माता व बालक सुरक्षित असणे ही त्या रकमेची एक अट होती. म्हणजे सर्व भेटी देऊनही बालक दगावल्यास मोबदला जाण्याचा धोका कार्यकर्तीवर येतो. परिणामाशी मोबदला जोडण्याचे तत्त्व व्यवस्थापनशास्त्रात मान्य असले, तरी ज्या परिणामावर रस्ता, रुग्णवाहिका, डॉक्टरची उपलब्धता आणि कुटुंबाची स्थिती यांचा प्रभाव अधिक असतो, तेथे ते जोखमीचे हस्तांतरण ठरते.

मोबदल्याच्या परिभाषेचे आणखी एक उदाहरण मार्मिक आहे. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मिळणाऱ्या रकमेला बोनस नव्हे तर ‘भाऊबीज भेट’ म्हणतात. अलीकडच्या वर्षांत ती प्रत्येकी २,००० रुपये राहिली आहे. बोनस हा हक्क असतो आणि त्याची कायद्याने गणना करता येते. भाऊबीज ही मायेने घातलेली ओवाळणी असते. ती किती असावी, याविषयी बहिणीने वाद घालावयाचा नसतो. नात्याची ही भाषा आपुलकी व्यक्त करते यात शंका नाही, परंतु तीच भाषा मागणीचा अधिकार क्षीण करते.

५. कामाचा विस्तार आणि प्रशासनाची अपेक्षा

मानद कार्यकर्तीने आपल्या सवडीनुसार काही तास काम करावे, ही मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात कामाचे स्वरूप पूर्णवेळ होत गेले. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले, मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे मोबाइल उपयोजन आले आणि प्रत्येक लाभार्थ्याची नोंद त्याद्वारे करणे सेविकांच्या कामाचा भाग झाले. निकृष्ट मोबाइल संच आणि मराठी भाषेची अडचण या कारणांवरून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अनेक सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. हे आंदोलन तंत्रज्ञानाला विरोध म्हणून पाहणे अपुरे आहे. साधनांची पुरेशी तरतूद न करता त्यांच्या वापराची सक्ती करण्यास तो विरोध होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पूर्वप्राथमिक शिक्षणाची मोठी जबाबदारी अंगणवाडीवर टाकली. बारावी वा अधिक शिक्षण झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि इतरांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम त्यात सुचवला आहे. शिक्षकाचे कार्य व शिक्षकाचे प्रशिक्षण अपेक्षित असताना दर्जा मात्र मानद कार्यकर्तीचा, ही विसंगती शिक्षणक्षेत्राशी संबंधित अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

कोविड-१९ च्या काळात ही विसंगती अधिक ठळक झाली. घरोघरी सर्वेक्षण, संपर्कातील व्यक्तींचा शोध आणि सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम यांचा भार आशांनी वाहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा मोबदल्याच्या प्रश्नावर संपावर गेल्या होत्या. गौरव आणि हक्क यांचे मार्ग किती वेगळे असू शकतात, हे या दोन घटनांतून दिसते.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा अर्थात ‘मेस्मा’ लागू केला. विधिमंडळात व बाहेर विरोध झाल्यानंतर त्याच महिन्यात त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. हा प्रसंग अल्पकालीन असला तरी तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. ज्यांची सेवा खंडित होऊ नये इतकी अत्यावश्यक आहे, त्या स्वयंसेवक कशा? आणि ज्या स्वयंसेवक आहेत, त्यांना संपाची मनाई कशी? डिसेंबर २०२३ मध्ये सेविकांनी पुन्हा संप केला आणि तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. अशा संपात कुपोषित बालकाचा आहार बंद पडतो. दर्जाच्या प्रश्नाची किंमत अखेर त्या बालकाला मोजावी लागते.

६. स्वयंसेवी संस्थांतील मनुष्यबळ

शासनाने ज्या क्षेत्राकडून सेवाभावाची परिभाषा घेतली, त्या स्वयंसेवी क्षेत्रातील स्थितीही या अनुषंगाने पाहणे आवश्यक आहे. सार्वजनिक न्यास व नोंदणीकृत संस्था यांत काम करणारे बहुसंख्य कार्यकर्ते प्रकल्पाच्या मुदतीपुरते नेमलेले असतात. दोन किंवा तीन वर्षांचे अनुदान संपले की नेमणूक संपते. अनेकदा त्यांनाही ‘मानधनावर’ किंवा ‘सल्लागार’ म्हणून नेमले जाते, जेणेकरून भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचे दायित्व येऊ नये.

बंगळूर पाणीपुरवठा मंडळ विरुद्ध राजप्पा या १९७८ च्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी ‘उद्योग’ या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला. मालक व कामगार यांच्या सहकार्याने वस्तू किंवा सेवा निर्माण करणारी पद्धतशीर कृती म्हणजे उद्योग, आणि नफ्याचा हेतू नसणे ही बाब निर्णायक नाही, असे सात न्यायमूर्तींच्या पीठातील बहुमताने मानले. धर्मादाय संस्थांना या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती १९८२ मध्ये संसदेने संमत केली, पण ती अमलात आणली गेली नाही. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये मात्र संपूर्णतः किंवा बहुतांशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था ‘उद्योग’ या संज्ञेतून वगळल्या आहेत, आणि ही संहिताही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. अशा संस्थेतील कार्यकर्त्याला कामावरून कमी केल्यास औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे संकुचित होतो.

दुसरा ताण निधीच्या अटींतून येतो. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. निधीचा अपव्यय टाळणे हा हेतू रास्त आहे. परंतु लेखापाल, समन्वयक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यावरील खर्च हा ‘मुख्य कार्यापासून वेगळा’ मानला गेला की संस्था प्रथम तेथेच काटकसर करते. देणगीदारालाही आपला रुपया थेट लाभार्थ्यापर्यंत पोहोचावा असे वाटते. वस्तुतः आरोग्य, शिक्षण व समुपदेशन यांसारख्या क्षेत्रांत कार्यकर्ता हाच सेवेचा मुख्य घटक असतो. त्याच्या वेतनाला ‘वरखर्च’ समजणे ही संकल्पनात्मक चूक आहे.

सामाजिक सुरक्षा संहितेने मात्र एक अनुकूल तरतूद केली आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याची मुदत संपल्यास पाच वर्षांची अट न लावता सेवाकालाच्या प्रमाणात उपदान देय होते. प्रकल्पाधारित नेमणुकांसाठी ही तरतूद विशेष उपयुक्त आहे. ती प्रत्यक्षात यावयाची असेल, तर अनुदानाच्या प्रस्तावातच या रकमेची तरतूद करावी लागेल आणि निधी देणाऱ्यांनी ती मान्य करावी लागेल.

७. मधल्या दर्जाची शक्यता

योजना-कर्मचाऱ्यांना नियमित करण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आर्थिक भाराचा, दुसरा निवडप्रक्रियेतील समान संधीचा आणि तिसरा स्थानिक उत्तरदायित्वाचा. कायम नोकर झालेली सेविका गावाशी बांधलेली राहणार नाही, तिची बदली होईल आणि तिच्या कामातील आपलेपणा ओसरेल, असे तिसऱ्या आक्षेपात अभिप्रेत आहे. हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु ते पूर्ण नियमितीकरणाविरुद्ध लागू होतात. सध्याच्या संदिग्धतेचे समर्थन त्यांतून होत नाही.

मधल्या दर्जाची उदाहरणे उपलब्ध आहेत. टपाल खात्यातील विभागबाह्य अभिकर्ते, म्हणजे २००१ च्या नियमांनंतरचे ग्रामीण डाक सेवक, नियमित सेवेत नाहीत. तरीही त्यांच्यासाठी आचार व नेमणुकीचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांचा मोबदला कामाच्या तासांशी जोडलेला आहे. ही व्यवस्था निर्दोष नाही, पण ती नियमबद्ध आहे. महाराष्ट्रातील शिक्षण सेवक योजना हे दुसरे उदाहरण होय. ‘सेवक’ हे पद व अल्प मानधन तेथेही आहे. तथापि तीन वर्षांच्या समाधानकारक सेवेनंतर नियमित शिक्षकपदावर जाण्याचा मार्ग निश्चित आहे. सेवाभावाची अपेक्षा तेथे कालमर्यादित आहे, अंगणवाडी सेविकेच्या बाबतीत ती आयुष्यभराची आहे. उच्च शिक्षणातील तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती या दोहोंपैकी कोणाच्या जवळ जाते, याचाही विचार या निमित्ताने व्हावा.

या आधारावर पुढील पर्याय विचारार्ह ठरतात. पहिला, सामाजिक सुरक्षा संहितेत योजना-कर्मचाऱ्याची स्वतंत्र व्याख्या करून उपदान, प्रसूतिलाभ, अपघात विमा व वृद्धापकाळातील आधार यांचे दायित्व केंद्र व राज्य यांच्यात निश्चित प्रमाणात विभागावे. दुसरा, मोबदल्याचा स्थिर भाग किमान वेतनाच्या पातळीवर आणून तो महागाई निर्देशांकाशी जोडावा. प्रोत्साहनपर भाग पूरक असावा, मुख्य नसावा, आणि तो कार्यकर्तीच्या नियंत्रणातील कृतीशी निगडित असावा. तिसरा, कोणतेही नवे काम सोपवणाऱ्या आदेशात त्यासाठी लागणारा वेळ, साधने व मोबदला यांचा उल्लेख बंधनकारक करावा. चौथा, पर्यवेक्षिकेची निम्मी पदे अनुभवी सेविकांतून आणि सेविकांची निम्मी पदे मदतनीसांतून भरण्याची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तिची अंमलबजावणी ठरावीक वेळापत्रकाने व्हावी. पाचवा, तक्रारनिवारणासाठी जिल्हास्तरावर यंत्रणा असावी, म्हणजे प्रत्येक प्रश्न संपावर किंवा याचिकेवर जाणार नाही. यांपैकी एकाही पर्यायामुळे सेविका गावापासून तुटत नाही किंवा समान संधीच्या तत्त्वाला बाध येत नाही.

८. समारोप

सेवाभाव ही समाजाची मौल्यवान संपत्ती आहे. महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी ती सार्वजनिक आरोग्याच्या कामी कशी लावता येते हे दाखवून दिले. परंतु सेवाभाव ही व्यक्तीने स्वतःहून देण्याची गोष्ट आहे. नियम, हजेरी, उद्दिष्टे व कारवाई यांच्या चौकटीत तो गृहीत धरला गेला की त्याचे रूपांतर कमी दराने घेतलेल्या श्रमात होते. २०२२ च्या निर्णयाने मानधन या शब्दाआडचे वेतन ओळखले. धोरणाने आता त्या शब्दाआडची कर्मचारी ओळखणे शिल्लक आहे. बालकाचे पोषण हे २०१३ पासून शासनाचे वैधानिक कर्तव्य आहे. ते कर्तव्य जिच्या हातून पार पडते, तिचा दर्जा अर्थसंकल्पीय घोषणांवर आणि सणाच्या ओवाळणीवर सोडणे हे त्या कर्तव्याशी सुसंगत नाही.